घारमॅनच्या तीन पिढ्या

आता काय सांगू तुम्हाला, माझं ठरत आलेलं लग्न एका मुखवटेवाल्यापायी मोडता मोडता राहिलं! आणि त्यात त्या बिचाऱ्याची काडीचीही चूक नव्हती.

तेलगावात माझं मोटार वायंडिंगचं दुकान. घाटनांदूरची मुलगी पाहायला जायचं ठरलं, तेव्हा मावशीनं फोनवर बजावलं, "पोरगी कॉमिकातल्या त्या घारमॅनची लई येडी हाय. त्याचे पिक्चर बघूनच ये."

फोटोतच पोरगी इतकी आवडली होती, की मी मुखवटा घालूनसुद्धा गेलो असतो! तिन्ही पिक्चर मोबाईलवर हिंदीत पाहून टाकले.

आणि खरं सांगतो, मी थक्क झालो. काय ते घराणं! पहिल्या पिक्चरमधला घारमॅन पोट सुटलेला, पंख पडद्याच्या कापडाचे, पण मारामारीतही हसतमुख. दुसरा गोरागोमटा, उंच इमारतीवरून उडी मारली तरी भांग विस्कटत नाही. तिसरा खप्पड गालांचा, अख्ख्या पिक्चरमध्ये एकदाही हसला नाही. तोंडं वेगळी, पण मुखवटा तोच, गाव तेच, दुष्मनही तोच! म्हणजे आजोबा, बाप आणि नातू. दुसरं काय असणार? आमच्याकडे बांधाची भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालतात, तशी यांची आभाळात. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं.

ठरल्या दिवशी चहा-भजी झाली. मोठी माणसं म्हणाली, "पोरांना बोलू द्या जरा," आणि आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. दाराला नुसता पडदा. पडद्यापलीकडे सगळी बैठक कान टवकारून बसलेली!

तिनं अगदी हळू विचारलं, "घारमॅन पाहिलेत म्हणे. तिघांतला कोणता आवडला?"

दुकानात मोटारींच्या आवाजावर ओरडून ओरडून माझा आवाज मुळातच चढा. मी ठासून म्हणालो, "आजोबा! आजोबांची सर कुणालाच न्हाई!"

"आजोबा?" ती पुटपुटली.

"मंग! अन् ह्या घराण्यात दर पिढीला बाप गिरणीच्या आगीत जळून मरतो. कुलदैवताचं कायतरी राह्यलंय बघा. त्यात दुष्मनी पिढीजात! पोरगं एकटं पडलंय, रातभर गच्च्यांवरून उड्या मारीत हिंडतंय."

खसकन पडदा सरकला. दारात तिचे वडील, आबा! ते गर्रकन माझ्या वडिलांकडे वळले.

"पाव्हणं, तुमच्यात दर पिढीला बाप जळून मरतो म्हणं?"

वडिलांच्या हातातलं भजं हातातच राहिलं. "कोण म्हणतंय?"

"तुमचंच पोरगं! मंग तुमी कोण?"

"मी बाप हाय की ह्याचा!"

"मंग तुमी जिते कसे?"

तिकडून तिची आई म्हणाली, "अन् पोरगं रातभर गच्च्यांवर हिंडतंय म्हणं!" मावशीनं कपाळावर हात मारला. मला वाटलं, संपलं. आता ही पोरगी काही मिळत नाही.

तेवढ्यात तीच हसत हसत बाहेर आली. "आबा, ते पिक्चरचं बोलत होते! अन् घारमॅन एकच हाय. दर बारीला नट नवा घेतात अन् तीच गोष्ट पहिल्यापासून सांगतात."

"एकच?" हे ओरडलं कोण? मीच! "मंग त्याचा बाप मेला किती बार?"

बैठक हसून आडवी झाली. मी मात्र आ वासून तिच्याकडे बघत राहिलो. केवढं ठाऊक होतं हिला!

हसू आवरून आबांनी लेकीला विचारलं, "मंग? काय कळवायचं ह्यांना?"

माझा जीव टांगणीला.

"हो कळवा," ती म्हणाली. "आतापर्यंत जे आले, ते मलाच पिक्चर समजावून सांगत बसले. ह्यांना समजावता समजावता माझा जन्म जाईल."

मी लाजून मान खाली घातली. मला वाटलं, माझं कौतुकच चाललंय!