गावाची मॅच, रविवारी सव्वाचारला

एकाच टीममध्ये चार वर्षं काढली की किस्से फ्रिजच्या दारातल्या चिली सॉसच्या पुड्यांसारखे साठत जातात. मुद्दाम कुणी आणत नाही आणि टाकवतही नाहीत. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या टीमचे बहुतेक किस्से पावेलचे. अजूनही कुणी विषय काढला की मी ते सांगतो, पण पूर्वीसारखी मजा येत नाही.

*

पावेल चेक. मी त्याचा मॅनेजर. रविवारी घरी जेवायला बोलावलं की चारच्या सुमाराला तो चुळबुळ करायला लागायचा. एकदा टीममधल्याच कांबळेने खोदून खोदून विचारलं, तेव्हा लाजत म्हणाला, "माझ्या गावच्या क्लबची फुटबॉल मॅच असते. पण सेकंड डिव्हिजन आहे."

कांबळे नागपूरचा. "सेकंड डिव्हिजन? मी त्यातच इंजिनियर झालो ना बाप्पा," तो म्हणाला. "लाव टीव्हीवर."

गावाचं नाव आमच्या जिभेला झेपेना, म्हणून ती झाली 'गावाची मॅच'. तिकडे सकाळी सव्वादहाला सुरू व्हायची, इथे सव्वाचारला, अगदी चहाच्या वेळी. पुढचा अख्खा सीझन आमच्या हॉलमध्ये पार पडला.

*

मॅच नेटवर दिसायची, पण कॅमेरा एकच. मैदानाचा डावा कोपरा त्यात यायचाच नाही, स्कोअरबोर्ड मात्र बरोबर मधोमध. शिडी चढून त्यावर आकड्यांच्या पाट्या टांगणारे टोपीवाले गृहस्थ म्हणजे पावेलचे बाबा. पावेलच्या जन्माआधीपासून हेच काम, तेही हौसेखातर. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो.

आपला गोल झाला की काका सरसर वर. समोरच्यांचा झाला की एकेका पायरीवर थांबत, टोपी नीट करत. "त्यांना वाटतं, उशीर केला तर रेफरी विचार बदलेल," माझी बायको म्हणाली.

आमची सई तेव्हा नऊ वर्षांची. ती पहिल्या अर्ध्या तासातच इथल्या सिंगापुरी इंग्रजीत निकाल देऊन मोकळी व्हायची. "पावेल अंकल, युअर टीम कॅनॉट मेक इट, लाह."

*

एकदा कांबळे बाल्कनीत बांबूवर वाळत घातलेले कपडे काढायला गेला आणि इकडे आपला गोल झाला. झालं! तेव्हापासून मॅच सुरू झाली की त्याची रवानगी बाल्कनीत. काकांनी आम्हा सगळ्यांना क्लबचे लोकरी मफलर पाठवले होते, तोही त्याच्या गळ्यात. सिंगापूरच्या उन्हात. शेवटी शेजारच्या चिनी आंटींना राहवलं नाही. त्यांनी विचारलं, "नॉट हॉट, मेह?"

"व्हेरी हॉट, आंटी," कांबळे म्हणाला, "बट वी आर विनिंग."

जिंकत नव्हतो. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

*

पुढचा किस्सा मी कधी सांगत नाही. कांबळे सांगतो, म्हणून मीच सांगितलेला बरा.

एप्रिलमध्ये पावेलने आठवडाभराची रजा मागितली. मे महिन्यात सीझनची शेवटची मॅच होती. पुढच्या वर्षीपासून इलेक्ट्रॉनिक बोर्ड येणार होता, त्यामुळे काकांचीही ती शेवटचीच. पावेलला ती काकांच्या शेजारी शिडी धरून बघायची होती. नेमकं त्याच रविवारी आमच्या नव्या सिस्टिमचं गो-लाइव्ह, म्हणजे ती प्रत्यक्ष सुरू व्हायची होती.

"नेक्स्ट सीझनला जा ना," मी म्हणालो. हे सगळं ऐकून घेतल्यावर.

"ओके," पावेल म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

नंतर कांबळे मला म्हणाला, "सर, मला विचारलं असतं तर त्याच्या जागी मी बसलो असतो." विचारायला हवं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

*

त्या रविवारी अख्खी टीम ऑफिसात. गो-लाइव्हच्या खोलीत फोन न्यायला बंदी, म्हणून पावेल आपला फोन माझ्याकडे देऊन आत गेला. बाहेर पॅन्ट्रीतल्या टीव्हीवर मी मॅच लावली. मनाला तेवढंच बरं वाटावं म्हणून. मॅच कंटाळवाणी, शून्य-शून्य. काकांना शिडी चढायचं कामच पडलं नाही.

नेटवरचं चित्र प्रत्यक्षापेक्षा दोनेक मिनिटं मागे असतं. त्यामुळे टीव्हीवर अजून खेळ चालू असतानाच पावेलचा फोन वाजला. काका होते. त्यांना चेकशिवाय दुसरी भाषा येत नाही आणि मला चेक येत नाही. मागे टाळ्या चालल्या होत्या. काका थांबून थांबून बोलत होते, मध्येच पावेलचं नाव घेत होते. पावेलची खोली वीस पावलांवर होती. "पावेल बिझी. लेटर, लेटर," मी म्हणालो आणि कॉल कट केला.

तेवढ्यात पावेल पाणी प्यायला बाहेर आला. टीव्हीवर आत्ता कुठे शेवटची शिट्टी झाली होती. कुणीतरी काकांच्या हातात फुलं दिली. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. काकांनी टोपी काढली, मग खिशातून फोन काढून कानाला लावला.

"ही इज कॉलिंग मी," पावेल म्हणाला. त्याने माझ्या हातातून फोन घेतला, कानाला लावला आणि त्याच्या भाषेत बाबांना हाका मारायला लागला.

टीव्हीवर काका अजून माझ्याशी बोलत होते.