तिसऱ्या टेबलावरची पट्टी

काकासाहेबांना आमच्या कॉलेजात काकासाहेब कुणी म्हणत नसे. शिपायाला मामा म्हणायची आपल्याकडे रीत आहे, तसे तेही सगळ्यांचे मामा. बदनापूरहून सकाळच्या गाडीने जालन्याला यायचे, भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा उघडायचे, ओल्या फडक्याने टेबलं पुसायचे. एकतीस वर्षं हेच. त्याच प्रयोगशाळेत मी आधी शिकले, आता शिकवते, आणि आपल्याला फार कळतं असा माझा समज होता.

मामांचं नाव होतं ते वेगळ्याच कारणाने. प्रात्यक्षिक परीक्षेत कुणी अडलं की मामा पाण्याचा ग्लास घेऊन यायचे आणि ग्लासाखाली चिठ्ठी ठेवून जायचे. लंबकाची लांबी शंभर सेंटिमीटर, वीस झोके, चाळीस पॉइंट एक सेकंद. मार्क पक्के. आम्ही सगळे मामांना दुवा देत पास झालो. सगळीकडे चालतं म्हटलं की आपल्याला काहीही पचतं.

गेल्या फेब्रुवारीत खेड्यांतल्या शाळांसाठी आम्ही कोडिंग दिवस ठेवला. सकाळी मुलांनी एका बोटाने अक्षरं शोधत बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला. लंबकाची लांबी आणि झोक्यांचा वेळ टाकला की तो गुरुत्वाचा आकडा काढून द्यायचा. दुपारी प्रयोगशाळेत येऊन झोके स्वतः मोजायचे आणि ज्याचा आकडा ९.८ च्या सगळ्यात जवळ, त्याला बक्षीस. हा शहाणा नियम माझा. मामांच्या निवृत्तीला तेव्हा महिना उरला होता.

तिसऱ्या टेबलावर पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेतली साधना होती, नववीतली. तिचा आकडा आला १०.०२. मी म्हटलं, पुन्हा मोज. तिने लांबी ऐंशी घेतली, आकडा आला १०.०५. साठला १०.१४, चाळीसला १०.३२. बाकीची मुलं बघायला जमली. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आधी मोजायला शीक. मग कोडिंग." तिचे डोळे भरून आले. मी पुढच्या टेबलाकडे वळले.

मामा पाण्याचा ग्लास घेऊन तिच्याजवळ गेलेले मला दिसले. साधनाने चिठ्ठी वाचली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"हे माझं न्हाई मामा. माझं एकोणचाळीस पॉइंट सात येऊन राह्यलं." मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, माझा हात चुकला असता तर आकडा कधी वर गेला असता, कधी खाली. हा लांबी कमी केली की वाढतच राह्यला. लांबीच खोटी असंल का?"

नववीतल्या पोरीने मला शिकवावं याचा रागच आला मला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा बोलले.

"पोरगी बराबर हाय मॅडम. पट्टी खोटी हाय. म्या कापली."

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या हातून त्या लाकडी पट्टीवर लोखंडी पेटी पडली होती. दोन सेंटिमीटरचं टोक मोडलं. नोकरी हंगामी, कुणाला कळलं तर घरी बसवतील ही भीती. त्यांनी मोडकं टोक करवतीने सरळ कापलं, घासलं, वर पॉलिश मारलं. पट्टी दोनापासून सुरू होते हे कुणी पाहिलंच नाही. सगळ्यांची नजर शंभराच्या आकड्यावर. डेडस्टॉकच्या, म्हणजे सामानाच्या नोंदवहीच्या तपासणीत दरवर्षी पट्ट्या चार मोजल्या जात आणि चार भरत.

"त्या टेबलाचं लेकरू माझ्यापायी नापास व्हायला नको म्हणून चिठ्ठी दिली," मामा म्हणाले. "मंग सगळेच मागाया लागले."

"महिनाभर गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं?" मी विचारलं. माझ्या तोंडून हे निघालं याची मला आजही लाज वाटते.

"माझी चूक हिच्या माथी चालली व्हती," ते म्हणाले. मग साधनाजवळ जाऊन त्यांनी चिठ्ठी फाडली. "बाई, तुझा हात बराबर हाय. बिलकुल बराबर."

मी साधनाला सगळ्यांदेखत बोलले होते, म्हणून माफीही सगळ्यांदेखतच मागितली. साधनाने मान हलवली, नाक पुसलं आणि प्रोग्राममध्ये लांबीतून दोन वजा करणारी एक ओळ घातली. चारही आकडे ९.८ च्या आसपास येऊन बसले. मामा ते बघत तिच्या मागे उभे होते. त्यांच्याकडे मला बघवलं नाही.

कारण माझ्या परीक्षेत मला तिसरंच टेबल आलं होतं. प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी, हे मी दरवर्षी नव्या वर्गाला ऐकवते. वीस झोके मी मोजलेच नव्हते.

मुलांच्या गाड्या गेल्यावर मी तिसऱ्या टेबलावर लंबक बांधला. दोरा त्याच पट्टीवर शंभरापर्यंत मोजला. मामा मोठ्याने झोके मोजू लागले, घड्याळ माझ्या हातात. विसाव्याला दाबलं. एकोणचाळीस पॉइंट सात.

वही उघडली आणि सवयीने चाळीसातला चार लिहून बसले.

"खोडा मॅडम," मामा म्हणाले. "जे आलं ते लिव्हा."