नऊ नंबर ऑफसाईड

कॉलेजात असताना मी रविवारी नगरजवळच्या एका गावात फुटबॉल मॅचला रेफरी असायचो. तिथले लाईनमन काका चर्च सुटलं की इस्त्रीच्या शर्टातच मैदानावर यायचे. रेषेवरून धावताना, कुणाला वाट द्यावी तसे मध्येच बाजूला व्हायचे. मला हसू यायचं.

एकदा त्यांच्याच गावानं शेवटच्या मिनिटाला गोल मारला आणि काकांचा झेंडा वर. पुढं तर कुणीच नव्हतं.

"काका, ऑफसाईड कोण?"

"नऊ नंबर. लई पुढं पळतो, लेकरा. पहिल्यापासून."

त्या संघात नऊ नंबरचा शर्ट आता कुणीच घालत नव्हतं. मी गोल देणारच होतो, तेवढ्यात गोल मारणारा पोरगा जवळ आला. वाद घातला नाही. हळूच विचारलं, "काका, आमचा दादा कुठं उभा हुता?"