खंडेनवमीची पेटी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मला भरवसा नाही. गिरगावातल्या मुलींच्या शाळेत चार इयत्ता झाल्या आणि लग्न झालं. हे लिहून ट्रंकेत तळाशी ठेवणार आहे. तरी कुणाच्या हाती लागलंच तर चुका सुधारून वाचावं आणि मला सांगू नये.

पलटणीतली नोकरी आमच्या ह्यांची. पण शेवटच्या वर्षी मीही गुदामात कामाला होते, म्हणून ही आठवण दोघांची आहे. हे स्वतः लिहीत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "लिहिण्यासारखं काही घडलं नाही." घडलं होतं.

शहरात प्लेग यायच्या आधीची गोष्ट. हे हवालदार होते, पेन्शन जवळ आली होती. परळच्या मागे सरकारी मालाचं एक गुदाम होतं, तिथे ह्यांची नेमणूक झाली. हाताखाली नाईक धोंडू, चार शिपाई आणि आम्ही मजुरीच्या बायका. काम बंदुकांच्या बोल्टचं. बोल्ट म्हणजे बंदुकीत काडतूस पुढे सारणारा पोलादी दांडा. पेट्यांत भरलेले बोल्ट आगबोटीने एडनला जायचे. वाटेत खारी हवा, म्हणून आधी त्यांना गंजापासून जपायचं. बोल्ट पुसायचा, कोरडा करायचा, पातळ केलेल्या जेलीत बुडवायचा, निथळून मेणकागदात गुंडाळायचा आणि पत्र्याच्या अस्तराच्या पेटीत ठेवायचा. तिथे पोचल्यावर पलटणीने जेली पुसली की बोल्ट नवाच्या नवा.

जेली पिवळट होती, लोण्यासारखी. पहिल्या दिवशी एकही बाई डब्याला हात लावेना. शिपाईही मागे सरले. काडतुसांच्या चरबीवरून मागे काय झालं ते सगळ्यांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं होतं. ह्यांनी भाषण केलं नाही. डब्यात बोट घातलं आणि सगळ्यांसमोर मिशांना जेली लावली.

"जमिनीतल्या तेलाची आहे. चरबी नाही. कामाला लागा."

माझ्या शेजारी शिवडीच्या कोळीवाड्यातली हिरा बसायची. ती म्हणाली, "वयनी, तुमच्या नवऱ्याची मिशी आता पेन्शनीपर्यंत गंजत नाय बघा."

रोज सकाळी हातांची परेड व्हायची. घामट बोट लागलं की पोलादावर दोन दिवसांत बोटाचा ठसा गंजून उठतो. म्हणून राखेने हात धुवायचे आणि ह्यांच्यापुढे धरायचे. हिराला रोज परत पाठवत.

"पुन्हा धू. बोंबिलाचा वास येतो."

"हवालदार, वास हाय, पाप नाय. किती धुवू?"

"धू."

माझे हातही तसेच बघत, परक्या बाईसारखे. मी गुदामात पुरुषांशी बोलत नसे, ह्यांच्याशीही नाही. काही सांगायचं तर हिराच्या कानात सांगे आणि हिरा ते सगळ्या परळला ऐकू जाईल असं सांगे.

खंडेनवमीच्या दिवशी पेट्या तयार होत्या. दुसऱ्या दिवशी बंदरावर साहेब येणार, मनाला येईल ती एक पेटी उघडून पाहणार आणि मग माल बोटीत चढणार. हे सकाळीच बंदरावर गेले. जाताना म्हणाले, "नाईक, गुदाम तुझ्या ताब्यात."

नाईक धोंडू चिपळूणकडचा, उंच, भाविक माणूस. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा पलटणीत कधी चुकली नव्हती. ताब्यात गुदामभर शस्त्रं आणि दिवस कोरडा जाऊ द्यायचा, हे त्याला पटेना. त्याने एक पेटी उघडली. कुंकू लावायला गेला तर जेलीवरून कुंकू घसरलं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं.

"देवीला अशी बरबटलेली कोण पुजतं?" तो म्हणाला आणि पाणी तापवायला सांगितलं. पेटीतला एकेक बोल्ट कढत पाण्याने न्हाऊ घातला. पुसला. हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि वर नारळाचं पाणी. आरती झाली. मग सगळे बोल्ट नीट मेणकागदात गुंडाळून त्याने पेटी बंद केली.

मी दुपारी नैवेद्य घेऊन गेले तेव्हा शिपाई खोबरं खात बसले होते. हिरा फाटकातच भेटली. म्हणाली, "वयनी, आज तुमच्या बोल्टांची दिवाळीची आंघोळ झाली."

मी तिच्या कानात सांगितलं आणि ती ओरडली, "अरं नायका, परत जेली लावलीस का?"

नाईक म्हणाला, "पूजेवर जेली?"

तेवढ्यात हे फाटकातून आत आले. झेंडूची पाकळी बघून थांबले.

"नाईक."

"जी, हवालदार."

"कुठली पेटी?"

"सातवी. देवीला एक पुरे म्हणून."

"उघड."

कागद सोडला. बोल्टवर तांबूस ठिपके उठले होते, कुंकू कुठलं आणि गंज कुठला ते कळेना. ह्यांनी नखाने खरवडून पाहिलं. कुंकू नव्हतं.

माल गंजला तर चौकशी, चौकशी झाली तर हवालदारकीच्या फिती जाणार आणि फितींबरोबर पेन्शन. नाईकाचा चेहरा पांढरा पडला. हे त्याच्यावर ओरडतील असं वाटलं. ह्यांनी फक्त टोपी काढून खुंटीला लावली.

"बायका, घासलेट आणि बारीक राख. शिपाई, पाणी उकळा. नाईक, कोरडी शेगडी शोध. मोठी."

घासण्याचं काम आमचं. ठिपके कोवळे होते, निघाले. उकळत्या पाण्यातून काढून फडक्याने धरले, बोट लावलं नाही. पण दिवस दमट, हवेवर सुकवले तर पुन्हा गंजणार. नाईकाने शेगडी शोधली ती मिंगेल पाववाल्याची भट्टी. भट्टीत त्याचा संध्याकाळचा पाव होता.

"माझो पाव?" मिंगेल दारात आडवा झाला.

"मी भरून देईन," नाईक म्हणाला. "सगळा."

"कोणाच्या पगारातून?"

"माझ्या."

अर्धा कच्चा पाव बाहेर आला आणि सरकारी बोल्ट पत्र्यांवर मांडून आत गेले. दिवेलागणीला ते जेलीत बुडवून, गुंडाळून पेटीत होते. नाईक झाकणाचे खिळे ठोकत होता. हे त्याला एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी मिशांची पूजा कर. त्यांना जेली लावलेलीच आहे."

दसऱ्याला साहेबाने बंदरावर नेमकी सातवी पेटी उघडायला सांगितली. नाईकाने डोळे मिटले, असं हे सांगतात. साहेबाने एक बोल्ट सोडला, उजेडात फिरवला, मग नाकाशी नेला.

"हवालदार, ये बास कैसा? पाव का माफिक."

"नया जेली, साहेब."

"अच्छा बास है," साहेब म्हणाला आणि सही केली.

ह्यांना पेन्शन मिळाली. नाईक पलटणीबरोबर सरहद्दीवर गेला. मिंगेलचं नुकसान त्याने अंगावर घेतलं होतं, ते फेडायला दर पगाराला थोडे पैसे आमच्याकडे पाठवी आणि हे मिंगेलला नेऊन देत. मिंगेल रस्त्यात दिसला की लांबूनच ओरडायचा, "हवालदार, माझी भट्टी!" आता एकच रुपया राहिला होता.

मग पैसे यायचे थांबले. काही महिन्यांनी पलटणीतला एक शिपाई रजेवर चिपळूणला चालला होता, तो वाटेत आमच्याकडे उतरला. नाईक धोंडू एका खिंडीत गोळी लागून गेला. त्याचं सामान त्याच्या आईकडे चाललं होतं. त्यात एक पुडी होती, ती आम्हाला द्यायची असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

ह्यांनी पुडी उघडली. वर मेणकागद, कडा नीट दुमडलेल्या, जशा आम्ही गुदामात दुमडत होतो. आत जेलीत बुडवलेला एक रुपया.

चांदी गंजत नाही. हे ह्यांना ठाऊक होतं, मलाही. ह्यांनी रुपया पुष्कळ वेळ पुसला. मग राखेने हात धुतले, टोपी घातली आणि मिंगेलचे पैसे पुरे करून आले.