दोनदा भाजलेलं बिस्कीट

एक इंग्रजी शब्द माझ्या लग्नाच्या मुळावर उठला होता. शब्द काही भारीतला नव्हता हो, अगदी चहात बुडवायचा. बिस्कीट!

पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आमचे वडील, अण्णा, कचेरीत कारकून. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, आणि निजामाचं राज्य गेल्यावर टेबलावर येऊन पडले इंग्रजीचे कागद! चाळिशी उलटलेल्या अण्णांनी शहागंजातून एक जुना, जाडजूड इंग्रजी शब्दकोश आणला. (आईनं एकदा तो पापडावर वजन म्हणून ठेवला, तर अण्णा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.) रोज संध्याकाळी चहाला एक शब्द. त्याचा अर्थ, त्याचं मूळ, सगळं झाल्याशिवाय कपाला हात लावायचा नाही! घरातले बाकीचे गार चहा पीत कुरकुरायचे. मी मात्र पट्टशिष्या. नुकतीच मॅट्रिक झाले होते, म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं.

अशात जालन्याचं स्थळ आलं. मुलगा मास्तर. त्याआधी दोन ठिकाणांहून नकार आले होते, एक माझ्या उंचीवरून आणि एक माझ्या तोंडावरून. (म्हणजे चेहऱ्यावरून नव्हे, मी फार बोलते म्हणून!) आईनं खडकेश्वराला नारळ बोलून ठेवला होता. आणि आता लपवून काय करू, या मुलाचा फोटो मला लई आवडला होता. आईची नजर चुकवून चारदा पाहिला होता.

पाहुण्यांना पोहे तर सगळेच देतात, आपण बिस्किटं करू, असं ठरलं. तेव्हा मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत न्यायची रीत होती. तिथं आपल्यासमोर पीठ मळायचं, पत्र्यावर मांडायचं आणि भट्टीत सरकवायचं. सकाळीच मी आणि अण्णा करीमचाचांच्या भट्टीवर जाऊन बसलो. वेळ जाईना, म्हणून अण्णांनी पिशवीतून शब्दकोश काढला. होय, तो बरोबरच होता!

"काढ गं, आजचा शब्द. बिस्कीट."

मी मूळ वाचलं आणि ताडकन उभी राहिले. "अण्णा! लॅटिनमधून आलाय. मूळ अर्थ, दोनदा भाजलेलं!"

तेवढ्यात चाचांनी पत्रा बाहेर ओढला. काय सोनेरी बिस्किटं होती! सगळी गल्ली दरवळली. चाचा म्हणाले, "लेव साब, एकदम खस्ता हुए, कुरकुरे."

"अर्धंच काम झालं की," अण्णा म्हणाले. "परत घाला आत."

"कायकू? हो गए ना!"

"किताब में लिखा है. दो बार."

"अजी साब, दुबारा भूने तो उसकू टोस बोलते! वो पाव का होता. ये पत्थर हो जाएंगे!"

अण्णा डगमगले. खरंच सांगते, एक क्षण ते डगमगले होते. पण मी कशी गप्प बसेन! "चाचा, पूर्वी जहाजावरचे लोक अशीच दोनदा भाजून न्यायचे. महिनोन्महिने टिकायची."

"बेटी, मेहमान जालने से आ रहे ना? के जहाज में आ रहे?"

एवढं होऊनही पत्रा परत आत गेला. मूळ सोडून माणसानं वागू नये, असं अण्णांचं म्हणणं.

दुपारी पाहुणे आले. मी मान खाली घालून बशी पुढं केली. मुलाच्या वडिलांनी पहिलं बिस्कीट उचललं, चावलं, आणि कट्ट असा आवाज झाला. मला वाटलं, बिस्कीट तुटलं. ते कुठलं तुटतंय! महिन्याभरापूर्वी बसवलेली त्यांची कवळी होती. ते तोंडावर उपरणं धरून बसले. मुलाच्या आईनं हातातलं बिस्कीट हळूच बशीत ठेवलं, तर तेही खणकन वाजलं. आमच्या आईचा चेहरा पांढराफटक. मी मनातल्या मनात फोटोला रामराम केला. आता हा तिसरा नकार, आणि तोही माझ्याच तोंडामुळं!

खात होता तो एकटा मुलगा. भिडस्त माणूस, अख्खं बिस्कीट तोंडात टाकून बसलेला. ते विरघळेना, फुटेना आणि चारचौघांत बाहेरही काढता येईना. डोळ्यांत पाणी. शेजारी माझी आत्या तांब्या-भांडं घेऊन वाकलेली, काहीतरी पुटपुटत होती. अण्णांना काही राहवेना. त्यांनी सगळ्यांसमोर थेटच विचारलं, "मग? मुलगी पसंत आहे ना?"

मुलानं जोरजोरात मान हलवली. वरखाली, चांगली तीनदा!

कवळीवाल्यांना काही बोलताच येत नव्हतं, त्यामुळं तिकडून हरकत आली नाही. आईनं साखर आणली. अण्णांनी तर मला जवळ घेतलं आणि ते चक्क रडले. आज अण्णा नाहीत, ती भट्टीही नाही. शब्दकोश माझ्याकडं आहे. त्यातल्या त्या पानावर तुपाचं बोट उमटलेलं आहे, ते अण्णांचं. ते पान उघडलं की मला अजून भरून येतं.

चाळीस वर्षं मी या घरात तोऱ्यात वावरले. "तीनदा मान हलवून पसंत केलंय मला," हे सासूला ऐकवलं, जावांना ऐकवलं, सुनेला तर दर दिवाळीला ऐकवते. परवा तिला सांगत होते, तर आमचे मास्तर पेपरातून डोकं वर काढून शांतपणे म्हणाले, "तुझे अण्णा काय म्हणाले ते मला ऐकूच आलं नाही. कानात नुसता कडाकडा आवाज! तुझी आत्या विचारत होती, पाणी देऊ का. मी तिला हो म्हणत होतो."

सून पदराआड हसायला लागली. मी चिडून म्हणाले, "मग मी पसंत होते की नव्हते?"

"होतीस गं. घरून निघतानाच ठरवून आलो होतो," मास्तर म्हणाले. "पण ते पाणी तेवढं अजून आलं नाही."

मी मुकाट्यानं उठले आणि तांब्या भरायला आत गेले.