साडूंची सुई आणि माझी नजर

"फुकटात रँच बघायला चला," साडू म्हणाले. ते फुकट मला पडलं असं: पेट्रोल, मोटेलची एक रात्र, जाऊन-येऊन अकरा तास ड्रायव्हिंग आणि दोन दिवस साडूंचं कौतुक. शेवटचं सगळ्यांत महाग.

सुधीरराव माझ्या मेहुणीचे यजमान, गुरांच्या आनुवंशिकतेचे रिटायर्ड प्रोफेसर. मी इथे अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत शून्यातून तीन किराणा दुकानं उभी केली, तरी सासरी हुशार जावई तेच.

सकाळी सहाला निघालो. मँकेटोवरून वर्दिंग्टन, तिथून I-90 हायवे धरून सरळ पश्चिमेला. डबा न्याच, पुढे शाकाहारी म्हणजे चीज पिझ्झा. रेस्ट एरियात धपाटे खाल्ले. चेंबरलेनला मिझुरी नदी ओलांडली आणि नुसत्या गवताच्या टेकड्या सुरू झाल्या. तेवढा वेळ मी साडूंनाही विसरलो.

रँचवाली लिंडा साठीची, कळप एकटी सांभाळते. तिने सुधीररावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हे तुमची गाडी चालवतात?"

तिला दोन तरुण वळूंपैकी एकच ठेवायचा होता. "चुकीचा ठेवला तर त्याची खादाड वासरं वर्षानुवर्षं मलाच पोसायची आहेत," ती म्हणाली.

मला राहवेना. "आमच्याकडे बैल नजरेनं पारखतात. माझी नजर आजवर चुकलेली नाही." खूर, खांदा, चाल बघून मी काळाभोर निवडला.

"देखणा आहे," लिंडा हसली. "पण त्याला नांगर ओढायचा नाहीये."

सुधीररावांनी दोन्ही वळू वासरं असतानाच सुई टोचून त्यांचं रक्त तपासलं होतं. "रक्तात वाढीचं एक हार्मोन असतं, त्याची पातळी बापाकडून वासरांत बऱ्यापैकी उतरते. ती कमी असली, की वासरं सहसा कमी खाऊन तेवढंच वजन धरतात. काळ्याची जास्त आहे, तांबड्याची कमी."

"म्हणजे गॅरंटी?" मी टोचलं.

"छे हो. कल कळतो, इतकंच."

लिंडाने तांबडा ठेवला. परतताना सुधीरराव म्हणाले, "चाल मात्र तुम्ही अचूक हेरलीत." टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन आठवडा झाला. त्या टेकड्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत; जरूर जा. जळफळाटही अजून आहे. बाकी, माझी नजर आजवर चुकली नव्हती हे खरंच. मी आजवर एकही बैल निवडला नव्हता. आमच्या घरी दोन शेळ्या होत्या.