टाकी धुवायला आणलेली सॅक

आमच्या मोशीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आफ्रिकेतून शिकायला आलेला एक तरुण राहतो. मराठी तो मेसमधल्या कंपनीवाल्या पोरांकडून शिकला, त्यामुळे माझ्या बायकोलाही "पाणी आलं का राव?" असंच विचारतो. जाता-येता नोटीस बोर्डापाशी थांबतो आणि जुन्या नोटिसाही पुन्हा वाचतो.

सेक्रेटरी म्हणून मी मागे एक नोटीस लावली होती. रविवारी टाकी धुवायला प्रत्येक घरातून एक माणूस आलाच पाहिजे. तो सगळ्यांच्या आधी हजर झाला. पायात बूट, पाठीवर फुगलेली सॅक. सॅकमध्ये पाव, टॉवेल आणि तापाच्या गोळ्या.

"अरे, तासाभराचं काम आहे," मी म्हणालो.

"माहितीये काका. पण आमच्याकडे आपसातच लढाई चाललीये. शहर वाचवायला घरटी एक माणूस द्या, अशीच नोटीस लागली. माझा भाऊ शिंपी आहे. चौकात नुसतं नाव द्यायला गेला, तर तिथूनच ट्रकमध्ये बसवला. पायात चपला होत्या त्याच्या."

त्याने सॅक उतरवून बादली उचलली. मग म्हणाला, "जो येत नाही त्याचं तुम्ही काय करता राव?"

"काय करणार? काहीच नाही."

"मग ते लिहा ना खाली."

पुढच्या नोटिशीखाली मी लिहिलं, सक्ती नाही. त्या रविवारी चारच जण आले. पहिला तोच आला, मोकळ्या हातांनी, पायात चपला घालून.